काना आधी, मात्रा नंतर

पडद्यावर अचूकता नऊ टक्के असं आलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. आकडा तोच राहिला.

खुर्चीत बसलेली बाई माझी जुनी विद्यार्थिनी होती. औरंगपुऱ्यात, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. टाइपरायटर होते तेव्हापासून मी ती चालवते. ही मुलगी त्या टाइपरायटरांच्या शेवटच्या बॅचमधली. फुलंब्रीहून यायची, सकाळच्या पहिल्या बॅचला यायची आणि एकदा बसली की मान वर करायची नाही. तिचे ठोके इतके एकसारखे पडायचे की नवीन मुलींना मी तिच्या पाठीमागे उभं करायचे आणि सांगायचे, बघू नका, नुसतं ऐका.

नंतर तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि शहरातल्या एका सरकारी कार्यालयात ती कंत्राटी टंकलेखक म्हणून लागली. बरीच वर्षं झाली त्याला. दर वर्षी कंत्राट पुढे सरकायचं. आता कार्यालयानं ठरवलं होतं की मराठी टायपिंगची कौशल्य चाचणी जो पास होईल त्याला कायम करायचं, बाकीच्यांना सोडून द्यायचं. संधी दोन. पहिल्या संधीला ती नापास झाली होती. दुसरी पंधरवड्यावर आली तेव्हा ती माझ्याकडे आली.

"बाई, मला परत शिकवा," दारातच चप्पल काढत म्हणाली.

"तुला काय शिकवायचं? तू मला शिकवशील."

"नाय हो. मी नापास झाले मागच्या खेपेला. लई वाईट नापास झाले. घरी सांगितलं, घाबरले होते म्हणून. पण मी घाबरले नव्हते बाई."

हे ती इतक्या कोरडेपणानं म्हणाली की मला खरं वाटलं. तिची जाऊ म्हणत होती म्हणे, इतकी वर्षं हापिसात बसून ही चहाच पीत असणार, टाइप दुसरंच कुणी करत असणार. नवऱ्यानं आतापासून मालवाहू गाडीवर जास्तीच्या फेऱ्या धरल्या होत्या. नोकरी जाणार हे घरानं जवळपास धरून चाललं होतं.

कार्यालयानं उमेदवारांना सरावासाठी एक वेबसाइटचं पान दिलं होतं. चाचणी त्याच पानावर होणार, तोच कीबोर्डचा प्रोग्राम, तीच तपासणी. वर उतारा, खाली रिकामा चौकोन. चौकोनात टाइप करायचं, वेळ संपली की निकाल. खोडायची कळ बंद. मी माझ्या कॉम्प्युटरांवर तो प्रोग्राम टाकून घेतला, एकावर ते पान उघडलं आणि तिला म्हटलं, मार.

तिनं मारलं. मी मागे उभी राहून वाचत होते. माझ्या डोळ्यांत चूक फार लवकर खुपते, भाजीत केस खुपावा तशी. मला एकही चूक दिसली नाही. वेळ संपली, आणि नऊ टक्के.

"बघितलं?" ती म्हणाली. "असंच झालं व्हतं."

मी चौकोनातला मजकूर वरच्या उताऱ्याशी शब्दागणिक ताडून पाहिला. जसाच्या तसा होता. माझी पहिली समजूत झाली की कॉम्प्युटर बिघडला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिला बसवलं. सात टक्के. मग दुपारच्या बॅचमधली एक कॉलेजची पोरगी शेजारी बसली होती, तिला त्याच कॉम्प्युटरवर तोच उतारा दिला. ही पोरगी वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याची फिकीर करत नाही, बोटं कुठेही टाकते. तिला ब्याऐंशी टक्के मिळाले.

पोरगी खूश झाली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. त्याचे मालक पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे, माझी सगळी मशीनं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. गडबड ऐकून ते दारात आले. मी सांगितलं.

"भाभी, मशीन थी तो झूट नईं बोलती थी," ते म्हणाले. "अक्षर मारा तो अक्षर उठा, नईं मारा तो नईं उठा. ये डब्बे में अंदर क्या होता, किसकू मालूम."

"तुम्ही ग्राहक बघा," मी म्हटलं. पण ते खुर्ची ओढून बसले.

निकालाच्या खाली एक लहान बटण होतं, तपशील पाहा असं. ते दाबलं. एक लांबलचक तक्ता उघडला. डाव्या बाजूला उताऱ्यातला शब्द, उजव्या बाजूला उमेदवाराचा शब्द. पहिल्या ओळीतले शब्द बरोबर होते. मग डावीकडे "होते" आणि उजवीकडे "हा".

"मी हा मारलं नाय," ती म्हणाली. आवाज चढला होता. "होते मारलं. वर बघा ना, होतेच हाय."

वर चौकोनात होतेच होतं. मी त्या शब्दावर माउस दोनदा दाबला. एरवी आपण असं केलं की अख्खा शब्द निळा होतो. तसा तो झाला, सगळा, ह पासून ते पर्यंत. म्हणजे टाइप करायच्या चौकोनाच्या मते तो एक शब्द होता. तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मते नव्हता. एकाच पडद्यावर, दोन बोटांच्या अंतरावर, दोघांचं एकमत नव्हतं.

त्या "हा"च्या खालच्या रकान्यात उजवीकडे "ते" असं एकटं पडलेलं होतं. त्याच्यासमोर डावीकडे "आणि". त्याच्या खाली उजवीकडे "आणि", डावीकडे "त्यांच्या". पुढे सगळा तक्ता लाल. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी एकेक घर सरकतात, तसं झालं होतं. ती एकही शब्द चुकलेली नव्हती. तिचा एक शब्द तपासणाऱ्यानं मधून कापला होता, त्याचे दोन झाले होते, आणि त्यापुढचा प्रत्येक बरोबर शब्द चुकीच्या शब्दासमोर उभा राहिला होता.

मला जमिनीवर बसावंसं वाटलं. बसले नाही, बॅच चालू होती.

पुण्यात माझी मुलगी कॉम्प्युटरचंच काम करते. तिला फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग राहू दे. एका बाईची नोकरी जातेय."

"कोणाची? तुझी?"

"फाजीलपणा करू नकोस. पान पाठवते, त्याच्या आत काय लिहिलंय ते बघ."

असल्या पानांच्या आतला मजकूर वाचता येतो हे मला तिनंच पूर्वी दाखवलं होतं. तिनं मीटिंग सोडली नसावी, कारण मधेमधे ती कुणाला तरी "येस, येस" म्हणत होती. पण अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"आई, शब्द म्हणजे काय, सांग."

"तू मला शिकवायला लागू नको. दोन मोकळ्या जागांच्या मधलं असतं ते."

"ते तुला. कॉम्प्युटरला मोकळी जागा म्हणजेही एक अक्षरच. त्याला सगळंच एकामागून एक येतं, रांगेत. म्हणून लिहिणारा आधी कप्पे करतो. एका कप्प्यात अक्षरं, एकात आकडे, एकात स्वल्पविराम, पूर्णविराम, मोकळी जागा हे सगळं बाकीचं. अक्षरांच्या कप्प्यातलं येत राहिलं की शब्द चालू. बाकीच्यातलं काही आलं की शब्द संपला. एवढंच असतं ते."

"मग?"

"मग आपल्या काना-मात्रा कुठल्या कप्प्यात टाकायच्या? ती स्वतंत्र अक्षरं नाहीत. पुष्कळ जण त्या बाकीच्यांत टाकून मोकळे होतात. मग प्रत्येक शब्दाचा चिवडा होतो."

"इथे चिवडा नाही झाला. फक्त होते कापलं."

"तेच सांगतेय ना. हे पान लिहिणाऱ्याला थोडी अक्कल होती. यानं नियम केला की एका अक्षरावर एक चिन्ह बसू शकतं, म्हणजे काना किंवा मात्रा किंवा वेलांटी, आणि त्यावर हवा तर अनुस्वार. ते शब्दातच धरायचं. एकावर दुसरं चिन्ह आलं तर त्याच्यासाठी कप्पाच नाही. ते बाकीच्यांत. आणि बाकीच्यांतलं आलं म्हणजे?"

"शब्द संपला."

"हां. आता त्या काकूंना विचार, होते कसं टाइप करतात."

विचारायची गरज नव्हती. फोन माझ्या हातात होता आणि माझी डाव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप हलली होती. ह. काना. मात्रा.

टाइपरायटरवर ओकाराची वेगळी कळ नव्हती. को काढायचा तर क मारायचा, मग काना, मग त्या कान्यावर मात्रा. दोन ठोके. मात्रेची कळ कागदाची कॅरेज पुढे सरकवत नसे, म्हणून ती बरोबर डोक्यावर बसायची. आ काढायचा तर अ आणि काना. औ काढायचा तर अ, काना, आणि वर दोन मात्रा. या गावाचं जुनं नाव मारताना दर वेळी एवढे ठोके लागायचे; ती अडचण नाव बदलल्यानं आपोआप मिटली. मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचे, "काना आधी, मात्रा नंतर", आणि मुली ते मोठ्यानं म्हणायच्या. मशीनवर तीच पद्धत होती, दुसरी नव्हतीच.

कॉम्प्युटरवर ओकार हे एक वेगळंच चिन्ह आहे आणि त्याची वेगळी कळ आहे. काना आणि मात्रा वेगवेगळ्या मारल्या की पडद्यावर हुबेहूब ओकार दिसतो, पण आत दोन चिन्हं असतात. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, याचंही उत्तर मुलीनं दिलं. जुने कीबोर्डचे प्रोग्राम काना-मात्रा लागोपाठ आल्या की आतल्या आत त्यांचा एक ओकार करून टाकत. आमच्या सवयी ओळखून कुणीतरी ती सोय केली होती. या नव्या प्रोग्राममध्ये अ-कान्याचा आ होत होता, पण काना-मात्रेचा ओकार करायची सोय काढून टाकलेली होती. दोन मारलं तर दोन.

"नोटपॅड उघड," मुलगी म्हणाली. "हो मार आणि बॅकस्पेस दाब."

मी माझ्या पद्धतीनं हो मारला. बॅकस्पेस दाबली. मात्रा गेली आणि पडद्यावर "हा" राहिला. मग ब्याऐंशी टक्केवाल्या पोरीला म्हटलं, तू मार. तिनं ओकाराची कळ दाबली, बॅकस्पेस दाबली, आणि नुसता "ह" राहिला. तिचा ओकार एक होता. माझे दोन होते. दिसायला दोन्ही अगदी सारखे.

झेरॉक्सवाले पुढे झुकून बघत होते. त्यांनी माझ्याकडून कीबोर्ड घेतला, स्वतः एका बोटानं मारून पाहिलं, बॅकस्पेस दाबली. त्यांचाही "हा" राहिला.

"या अल्ला," ते म्हणाले, आणि उठून दुकानात गेले.

संध्याकाळी सगळ्या मुली गेल्यावर मी एकटी त्या पानासमोर बसले आणि चाचणी दिली. मी राज्यभरातल्या परीक्षांना मुली बसवल्या आहेत. माझ्या हाताखालच्या मुली तहसीलमध्ये, कोर्टात, वैजापूरच्या बाजार समितीत टाइप करतात. मला अकरा टक्के मिळाले. नळाला पाणी यायचा दिवस होता, घरी टाकी भरायला जायचं होतं. मी तशीच बसून राहिले आणि पाणी गेलं. पुढचे कितीतरी दिवस टँकरवर काढले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिच्या कार्यालयात गेले. कार्यालय अधीक्षक वयस्कर, नीट माणूस. ऐकून घेतलं. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडून दोन्ही ओकार दाखवले, बॅकस्पेस दाबून दाखवली.

ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "परत दाबा."

मी परत दाबली.

"मॅडम, मीही मशीनवरच शिकलोय," ते म्हणाले. "सोयगावला. माझेही असेच होत असणार."

"होत असणारच. मारून बघा."

त्यांनी हात कीबोर्डपर्यंत नेला आणि मागे घेतला. "नको. मला आता बघायचं नाही."

"मग निकाल हातानं तपासा. कागद छापा, वाचा, चुका मोजा. पूर्वी करायचो तसं."

"माझ्या हातात नाही हो. चाचणीचा आदेश वरून आला, पान बाहेरच्या माणसांनी केलं. आदेशात स्पष्ट आहे, संगणकाचा निकाल अंतिम. का तर आम्ही हातानं तपासलं असतं तर लोक म्हणाले असते, ओळखीच्यांना पास केलं. वर लिहून पाठवतो. खरंच पाठवतो. पण उत्तर चाचणीआधी येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

"हिचे कागद रोज तुम्हीच सही करता ना?"

"रोज. एक चूक नसते."

"आणि ही नापास."

"मॅडम," ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगून उपयोग नाही. मला पटलंय."

पटलेल्या माणसाशी भांडता येत नाही. आम्ही खाली आलो. ती रडेल असं मला वाटलं आणि मी त्यासाठी तयार होते, म्हणजे तिला एक चहा पाजून गप्प करायला. ती रडली नाही. म्हणाली, "चहा नको. किती दिवस राहिले, त्यात हात बदलता येतो का सांगा."

"येत नाही."

"मग?"

"तरी बदलायचा."

दुसऱ्या सकाळपासून तिला बसवलं. हात बदलणं म्हणजे काय ते ज्याच्या हातात सवय आहे त्यालाच कळेल. ओकाराची कळ कुठे आहे हे तिला पहिल्या मिनिटात पाठ झालं. पण बोटं डोक्याला विचारत नाहीत. मोठा आला की काना-मात्रा, लोक आला की काना-मात्रा. मी ओकाराच्या कळीवर एक लाल टिकली चिकटवली, बोटाला फुगवटा लागावा म्हणून. मुद्दाम ओकारानं भरलेले उतारे केले. लोकोपयोगी, शोधमोहीम, डोंगरकोपऱ्यातल्या लोकांचा रोजगार. ती ते मारताना शिव्या पुटपुटायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

"बाई, तुम्हीच शिकवलं व्हतं ना काना आधी?"

"शिकवलं होतं. बरोबर शिकवलं होतं. आता हे बरोबर आहे. मार."

आठवडाभरानं उताऱ्यामागे एक-दोनच चुकीचे ओकार राहिले. एवढं पुष्कळ होतं असं कुणालाही वाटेल. पण एकच ओकार दुसऱ्या ओळीत चुकला तर पुढचा सगळा उतारा सरकायचा आणि टक्के वीसच्या खाली यायचे. तोच शेवटच्या ओळीत चुकला तर पंच्याण्णव. चूक तीच, बोट तेच. आपल्या नशिबात ती कुठे पडणार, एवढ्यावर नोकरी.

"चुकायचंच असेल तर शेवटी चूक," मी म्हटलं.

"असं ठरवून चुकता आलं असतं तर काय पाहिजे व्हतं!"

ती सहज बोलली. पण मी त्या वाक्यापाशी थांबले. ठरवून चुकता का येणार नाही? मी तपशिलाचा तक्ता परत उघडला आणि सरकलेल्या शब्दांवर बोट ठेवत खाली गेले. एक शब्द कापला जातो, म्हणून एक शब्द वाढतो. वाढलेला एक शब्द कमी केला तर? खोडता येत नाही. पण पुढचे दोन शब्द जोडून मारता येतात. मधला स्पेसबार दाबायचा नाही. दोनाचा एक होईल, हिशेब जुळेल, आणि त्यापुढचा प्रत्येक शब्द आपल्या जागी जाऊन बसेल.

"होते काना-मात्रेनं मार," मी तिला म्हटलं. "मुद्दाम. आणि पुढचे दोन शब्द चिकटवून मार. मग नेहमीसारखं."

तिनं मारलं. तक्त्यात सुरुवातीला तीन शब्द लाल आले. बाकी सगळा उतारा हिरवा.

ती खुर्चीवरून उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. "बाई, म्हंजे बरोबर दिसतंय ते चूक, आणि चूक दिसतंय ते बरोबर?"

"आणि दोन्ही केलं तर पास."

"लई अवघड झालं हे."

अवघड होतंच. त्यासाठी ओकार चुकला हे तिला त्याच क्षणी कळायला हवं होतं, आणि पडद्यावर तर काही दिसत नाही. बोटांवरच कळायला हवं. फुगवटा लागला की बरोबर, लागला नाही की पुढचे दोन जोडायचे. पण चाचणीच्या कीबोर्डवर टिकली नसणार. शेवटचे दिवस मी टिकली काढून टाकली आणि तिचे डोळे ओढणीनं बांधून तिला बसवलं. मी वाचायचे, ती मारायची. चुकली की तिनं तोंडानं "गेला" म्हणायचं. सुरुवातीला दहा शब्द पुढे गेल्यावर म्हणायची. मग पाच. मग लगेच. कापलेला ओकार शब्दाच्या शेवटी असेल, जसा नको मध्ये असतो, तर जोडायचं नाही, कारण तिथे शब्द तसाही संपतच असतो; हेही घोटून घेतलं. दुपारच्या बॅचच्या मुली डोळे बांधलेली बाई आणि तिचं "गेला, गेला" ऐकून भिंतीला टेकून हसायच्या. झेरॉक्सवाले जिन्यातूनच विचारायचे, "आज कितने गए, भाभी?"

चाचणीच्या दिवशी मी गेले नाही. माझं तिथे काम नव्हतं आणि दोन बॅचेस होत्या. दुपारी उन्हात ती जिना चढून आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पिशवीतून कागद काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. तिनं टाइप केलेला उतारा, खाली निकाल. पास.

उताऱ्याच्या चौथ्या ओळीत लाल पेननं एक गोल केला होता. "गावातीलसर्व" असं एकत्र आलं होतं, त्याभोवती.

"अधीक्षक साहेबांनी केला," ती म्हणाली. "निकाल बघून लई खूश झाले. म्हणले, एवढी एकच चूक, दोन शब्द चिकटलेत, घाई करू नका. मी म्हणलं, व्हय साहेब."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"सगळे उमेदवार उभे व्हते तिथं. काय सांगू?"

मी त्या गोलाच्या आधीचा शब्द पाहिला. "शोधलेल्या" असा होता. चष्मा वर करून, कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ओकार जसा असतो तसाच होता. निकालाच्या हिशेबानं तो शब्द तिथे तुटलेला होता, आणि त्याचं जगात कुठेही चिन्ह नव्हतं. कागदावर दिसणारी एकुलती एक चूक तीच होती जिनं ती पास झाली होती.

बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारलं. तिच्या कार्यालयातले मशीनवर शिकलेले आणखी दोघं होते. तिनं दोघांना आधी सगळं सांगितलं होतं, बॅकस्पेस दाबून दाखवली होती. एकानं ऐकलं, त्याचं निभावलं. दुसरा म्हणाला, मला बाईमाणसानं टायपिंग शिकवायची वेळ आली नाही अजून. तो गेला.

मी पाणी दिलं. तिनं ते घटाघटा प्यायलं आणि म्हणाली, "जायचं व्हतं लगेच, काळी-पिवळी जीप भरत आली असंल. पण एक विचारायचं व्हतं. साहेबांनी आल्या आल्या काम दिलंय. दुसऱ्या हापिसातली चाचणी पुढच्या महिन्यात हाय, त्याच पानावर. तिचा उतारा मला टाइप करून द्यायला सांगितलाय. म्हणले, तुमचा हात सगळ्यात स्वच्छ. केला बी निम्मा, घरी न्यायला पेन ड्राइव्हवर घेतलाय."

मला ते समजायला एक क्षण लागला. ती उतारा टाइप करणार. तोच उतारा वर दिसणार आणि त्याच्याशी सगळ्यांचं टाइपिंग ताडलं जाणार. त्यात एखादा ओकार काना-मात्रेनं पडला असेल, तर मूळ उताऱ्यातच शब्द कापला जाईल. मग ओकाराची कळ बरोबर दाबणारा प्रत्येक माणूस तिथून पुढे नापास. एक बाई नाही, अख्खी खोली. आणि कागदावर कुणालाही काही दिसणार नाही.

"चाचणी संपल्यावर मारलास हा?"

"व्हय. जरा निवांत मारला."

"निवांत मारलास म्हणजे बोटांनी मारलास. डोक्यानं नाही."

तिचा हात पिशवीच्या बंदावर होता तो तसाच राहिला. मग तिनं पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो कॉम्प्युटरला लावला, नोटपॅड उघडलं आणि पहिल्या ओकाराच्या मागे कर्सर नेऊन बॅकस्पेस दाबली.

काना राहिला.

"बस," मी खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. "काळी-पिवळी दुसरी येईल."